कपाटातली सूर्यफुलं

५ जानेवारी, सोमवार

आज मला बढती मिळाली की शिक्षा, हे अजून ठरायचं आहे.

नव्या नाटकाचं वाचन झालं. एका बाईचा नवरा काही न सांगता निघून जातो. ती खिडकीतल्या कुंडीत सूर्यफुलाचं बी पेरते आणि म्हणते, हे फुलेपर्यंत वाट बघीन, मग मीही हे घर सोडीन. पहिल्या अंकात दोन पानांचा कोंब, दुसऱ्यात गुडघ्याएवढं रोप, तिसऱ्यात फूल. बाईचं काम माझी मावशी करते. वाचन संपलं आणि दिग्दर्शकांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा कोणाच्या तरी गळ्यात काहीतरी पडतं.

"झाड खरं हवं," ते म्हणाले. "प्लॅस्टिक शेवटच्या रांगेतूनसुद्धा कळतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाटकातल्या माणसांच्या हातात, खिशात, टेबलावर जे जे लागतं ते पुरवणं हे माझं काम. आमच्यात त्याला प्रॉपर्टी म्हणतात. वहिनी शेजारी सांगते, "आमच्या नणंदबाई हल्ली प्रॉपर्टीत असतात," आणि मग लोक मला जिन्यात अडवून फ्लॅटचे भाव विचारतात.

तर ठरलं असं. सात मार्चला शुभारंभाचा प्रयोग. त्या दिवशी फूल उमललेलं असलं तर मी इथे कायम. नसलं तर प्लॅस्टिकचं फूल, आणि मी परत दादाच्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांमागे. दादाने मला मार्चपर्यंतच सोडलंय. त्या काउंटरमागे मी सहा वर्षं काढली. तिथे माझं वय वाढलं, मी नाही.

शिडीवर चढून पडद्याची झालर चिकटवत असताना हे सगळं मनात आलं, हर्षवायूच व्हायचा बाकी होता, आणि हातातला गोंदाचा डबा सुटला. खाली फ्यूज उभा होता. फ्यूज म्हणजे आमचा दिवेवाला. इतका कमी बोलतो की ते नाव त्याला आपोआप पडलं. गोंद त्याच्या भुवईवरून ओघळत होता. त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चांगला चिकट आहे," आणि निघून गेला.

विक्षिप्त माणूस.

८ जानेवारी, गुरुवार

पेरणी झाली! रोपवाटिकेवाल्या बाई म्हणाल्या, "बुटकी जात घ्या, कुंडीत छान येते. फार तर साठ दिवसांत फूल." मी सात कुंड्या घेतल्या, सहा म्हटलं तर उगाच नशिबावर हवाला ठेवल्यासारखं वाटलं. एकेक बी बोटाच्या पेराइतकं आत. घरी येताना डोक्यात किडा शिरला : साठ दिवस म्हणजे कधीपासून? पेरल्यापासून की उगवल्यापासून? पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. तिथेही नुसतंच साठ.

प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी लावली, "अंक ३". पुढच्या महिन्यात पेरीन त्या "अंक २", अगदी शेवटच्या "अंक १". माझ्या सगळ्या सामानावर अशाच चिठ्ठ्या असतात. टेलिफोन, अंक २. चाकू, अंक ३. चिठ्ठी असली की वस्तू हरवत नाही.

माझ्या आधीच्या काकांनी निवृत्त होताना एकच मंत्र दिला होता : प्रॉपर्टी कायम कुलपात. त्यामुळे काम संपल्यावर कुंड्या नाट्यगृहातल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. सहाच मावल्या. मगातलं पाणीही सहांतच संपलं. सातवी तशीच कोरडी कपाटाच्या डोक्यावर सरकवून दिली. उद्या तिची सोय बघते.

१५ जानेवारी, गुरुवार

उगवली! उगवली! उगवली!

कपाट उघडलं तर सहाच्या सहा जणी हजर. एकीच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. मी किंचाळले. नायक अंघोळीचा प्रसंग अर्धवट सोडून टॉवेलातच धावत आला आणि टोपीवालीला त्याने सलाम ठोकला. (अंघोळ तालमीतली. आत पूर्ण कपडे होते.)

मग वाद पेटला. रोपाचं वय धरायचं कधीपासून? दिग्दर्शक म्हणाले, पेरल्यापासून, मेहनत तिथे सुरू होते. नायक म्हणाला, उगवल्यापासून, त्याआधी ते आहे की मेलंय कोणाला ठाऊक? मावशी म्हणाली, "मी तर रंगमंचावर आल्यापासून मोजते." मावशी गेली कित्येक वर्षं पस्तिशीची आहे, तेव्हा यावर कोणी चकार शब्द काढला नाही. फ्यूज वर तारा ओढत होता. त्यालाही विचारलं.

"उजेडात आल्यापासून," तो म्हणाला.

सगळे हसले. दिवेवाला दुसरं काय सांगणार!

मी पेरल्यापासूनच मोजणार. तारीख माझी, हिशेब माझा.

२० जानेवारी, मंगळवार

काहीतरी भयंकर होतंय. रोपं वाढताहेत, पण कशी? लांबलचक, पांढुरकी, दोऱ्यासारखी. चौघींनी मान टाकलीय. मावशीच्या भुवया कोरायच्या पेन्सिली टेकू म्हणून लावल्या. मावशी ओरडली. मी रडले. मग मावशीने आणखी दोन पेन्सिली काढून दिल्या.

संध्याकाळी त्या सहा पेन्सिली, सहा लुळ्या माना नेहमीप्रमाणे कपाटात ठेवत होते. फ्यूज शिडी घेऊन चालला होता. थांबला. कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कपाटात उजेड असतो का?"

"म्हणजे?" मी म्हटलं.

"नाही, विचारलं."

आणि गेला! इकडे माझा जीव चाललाय आणि याला कपाटाच्या चौकशा सुचताहेत. कपाटात कसला आलाय उजेड? कपाट ते कपाट. लोखंडी, भक्कम, दोन कुलपांचं.

२१ जानेवारी, बुधवार

पहाटे चारला डोळे उघडले ते सरळ बसूनच.

कपाटात उजेड असतो का!

तेरा दिवस! तेरा दिवस मी सूर्यफुलं कुलपात ठेवली. सूर्य त्यांच्या नावात आहे, अगं बाई, नावात! रोपवाटिकेवाल्या बाईंना सांगितलं तर त्या हसत हसत पोत्यावर बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अजून गेलेली नाहीत. गळ्यापर्यंत माती भरा, आणि उजेडात ठेवा. भरपूर. झाडांचं काही नाही, माफ करतात."

डाव्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या डावीकडच्या आडोशाला, एक खिडकी आहे. खिडकी कसली, झरोकाच. दुपारी तासभर ऊन येतं. तिच्याखाली फळी लावून सहा जणी मांडल्या. खिडकी उत्तरेकडे नाही एवढंच समाधान.

तेव्हा सातवी आठवली. शिडी लावून कपाटाच्या डोक्यावर पाहिलं तर धुळीत गोल ठसा, कुंडी गायब! झाडूवाल्या मावशींना विचारलं, त्या माझ्यावरच उखडल्या. जाऊ दे. तिच्यात तसंही काही उगवलं नव्हतं. पाणीच घातलं नव्हतं तर उगवणार काय, कपाळ? तरी राग येतोच. मातीची कुंडी कोणी चोरतं का?

२ फेब्रुवारी, सोमवार

चमत्कार! सगळ्या सरळ उभ्या. देठ करंगळीएवढे जाड, पानं हिरवीगार, खरबरीत, खऱ्या सूर्यफुलांची. पहिली दोन गुळगुळीत पानं असतात ती खरी पानं नसतातच म्हणे, ती शिदोरी. खरी पानं नंतर येतात. आता प्रत्येकीला खऱ्या पानांच्या तीन जोड्या आहेत. पेन्सिली मावशीला साभार परत.

याचं श्रेय कशाला, तर चहाला. रोज चार वाजता माझ्या टेबलावर एक कप चहा येतो. बाकीच्यांना आपापला आणावा लागतो, पण चहावाल्याचा माझ्यावर लोभ दिसतो. तर तो चहा मी अर्धा पिते आणि अर्धा गार करून रोपांना घालते. चहाच तो, दुसरं काय असणार? त्या झरोक्याने तर हे होणं शक्य नाही.

एकच तक्रार. सगळ्या जणी डावीकडे झुकताहेत. खिडकी तर डोक्यावर आहे. पंख्याचा वारा लागत असणार. पंखा हलवला.

आणि दुसरी एक तक्रार. सकाळी अकराला आले तर विंगेतल्या स्टँडवरचा जुना दिवा गरम! बंद होता, पण हात भाजेल इतका गरम. कोणीतरी सकाळी येऊन वीज जाळतंय. फलकावर नोटीस लावली : "डाव्या विंगेतला दिवा विनाकारण चालू ठेवू नये. वीज फुकट येत नाही. प्रॉपर्टी विभाग."

संध्याकाळी नोटिशीखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : "वाचलं."

४ फेब्रुवारी, बुधवार

"अंक २" पेरल्या. या वेळी सरळ फळीवर. माणूस एकदाच कपाटात जातो.

दिवा कालपासून थंडगार असतो. नोटिशीने काम केलं. मावशीला अभिमानाने सांगितलं तर ती एवढी हसली, एवढी हसली की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं.

"काय झालं?"

"काही नाही. तू विजेची काळजी घे हो, बाळा."

ज्येष्ठ कलावंतांचं असंच असतं. मध्येच काहीतरी आठवतं त्यांना.

११ फेब्रुवारी, बुधवार

पंखा हलवून आठवडा झाला तरी रोपं डावीकडेच. मी रोज कुंड्या फिरवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. हट्टी कुठल्या.

आज व्यवस्थापकांनी फ्यूजला सगळ्यांसमोर झापलं. "रंगीत चिकटपट्टी रोज लागते कशाला तुला? खातोस का?" दिव्यांच्या तारांना ओळखीच्या खुणा करायला ती पट्टी असते. हा बाबा रोज तुकडा तुकडा नेतो म्हणे. फ्यूजने हातातली पट्टी खिशात घातली. कान मात्र लाल.

मला आधीपासूनच संशय आहे. प्रेक्षागृहाच्या मागे, वर, त्याची दिव्यांची खोली आहे. तिथे कोणाला येऊ देत नाही. आणि आज तो तिथे पाण्याचा मग घेऊन चढताना दिसला. विजेच्या खोलीत पाणी! विचारलं तर म्हणाला, "तहान लागते."

"मग इतकं जपून काय नेताय? सांडलं तर सांडलं."

"थेंब थेंब लागतं," म्हणाला.

मावशीला म्हटलं, तुमचा हा दिवेवाला एक दिवस शॉक लागून जाईल. मावशी म्हणाली, "शॉक केव्हाच लागलाय त्याला. गोंदाचा." मला काही कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कळ्या आल्या! "अंक ३"च्या सहाही जणींना! हिरव्या, मुठीएवढ्या, काटेरी झालरीच्या. माझ्या पेरणीच्या हिशेबाने प्रयोगापर्यंत उमलणार. आज "अंक १" पेरल्या, म्हणजे सात तारखेला दोन पानांवर असतील. "अंक २" चांगल्या गुडघ्याला लागताहेत. गणित असं चोख बसलंय की मला स्वतःचीच भीती वाटते.

दादा दुकान बंद करून बघायला आला होता. कळीला बोट लावलं, मागे घेतलं. "हे तू केलंस?" म्हणाला. तेवढ्यात फ्यूजने वरून एक दिवा लावला, अगदी कळ्यांवर, सोनेरी. दादा बघतच राहिला. जाताना म्हणाला, "काउंटरवरची तुझी खुर्ची मी अजून कोणाला दिलेली नाही हं." धीर देत होता बिचारा.

४ मार्च, बुधवार

नायकाला अक्कलदाढ आली.

पन्नाशीत! गाल हा एवढा सुजलाय. संवाद म्हणतो तर फक्त स्वर ऐकू येतात. दिग्दर्शकांनी चष्मा काढला. "आत्ता? आत्ता उगवली?" नायकाने खिन्नपणे मान हलवली. उगवल्यापासून मोजा म्हणणारा हाच.

दाढ काढणार, टाके घालणार. शुभारंभ दोन आठवडे पुढे, एकवीस मार्च.

माझं लक्ष फळीकडे गेलं. मी म्हटलं, "पण माझी फुलं..."

व्यवस्थापक म्हणाले, "ठेवा की दोन आठवडे कपाटात."

आणि खरं सांगते, कोणाला सांगायचं नाही, क्षणभर माझा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

चिठ्ठ्या! सगळी चूक त्या चिठ्ठ्यांची. टेलिफोनवर "अंक २" लिहिलं की तो जन्मभर दुसऱ्या अंकात थांबतो. रोप थांबत नाही. एकवीस तारखेला "अंक १" गुडघ्याएवढी होऊन दुसऱ्या अंकात जातील. पहिल्या अंकाची तूट नवी पेरून भरून काढेन, दोन पानांना काय, आठ-दहा दिवस पुरतात. पण "अंक २"ना तोवर फक्त घट्ट मिटलेली कळी असेल, आणि "अंक ३" फुलून, सुकून, पाकळ्या गाळून बसलेल्या असतील. मधलं कोणीच नाही. तिसऱ्या अंकाला फूल नाही.

सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. आता नुसत्या तारखा लिहिल्यात.

८ मार्च, रविवार

उमलली. काल दोघी, आज सहाच्या सहा.

इतकं पिवळं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. विंगेत अंधार असतो, तिथे सहा सूर्य! मी नाचले, हसले, मग फळीखाली बसून भोकाड पसरलं. मावशीने एक फूल केसांत खोचायचा प्रयत्न केला, ते तिच्या चेहऱ्याहून मोठं. नायक सुजल्या गालाने काहीतरी म्हणाला, ते बहुधा कौतुक असावं. सगळ्यांनी फोटो काढले. फ्यूजने मात्र फुलांकडे पाहिलंच नाही. डोकं खाली घालून बोटांवर काहीतरी मोजत होता, मग धावत वर गेला.

आजचा चार वाजताचा चहा मी पूर्ण फुलांना दिला. त्यांच्या वाट्याला आणखी काय आहे?

१५ मार्च, रविवार

पाकळ्या गळताहेत. माना खाली. व्यवस्थापक आज प्लॅस्टिकचं सूर्यफूल घेऊन आले. देठाला तार, मध्ये भुसा, आणि मागे किंमत चिकटवलेली. "वाईट नाही," ते म्हणाले. दिग्दर्शकांनी ते शेवटच्या रांगेतून पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवरच ठेवला. ते चष्मा काढण्याहून वाईट.

दादाचा फोन आला. "खुर्चीचं कुशन बदललंय," म्हणाला. "प्रयोगानंतरच्या सोमवारी ये, घाई नाही."

मला त्या खुर्चीवर बसायचं नाही. एवढंच लिहिते. कुशन कितीही मऊ असलं तरी नाही.

१८ मार्च, बुधवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

आज शेवटचा उपाय म्हणून ठरवलं, सर्वांत मोठा दिवा मागायचा आणि चार फेब्रुवारीच्या मिटलेल्या कळ्यांवर अहोरात्र लावायचा. तडक वर फ्यूजच्या खोलीत गेले, दार ढकललं.

टेबलावर सातवी कुंडी.

माझ्याच अक्षरात "अंक ३". तिच्यात कमरेएवढं सूर्यफूल, कळी टपोरी, आणि कडेने पिवळी जीभ बाहेर आलेली. उमलायला दोन, फार तर तीन दिवस. शेजारी छोटा दिवा. आणि दाराच्या चौकटीवर खालपासून वरपर्यंत रंगीत पट्टीचे तुकडे, एकावर एक, लाल, निळा, हिरवा. लहान मुलांची उंची भिंतीवर मांडतात ना, तशी रोजची एक खूण.

"ही चोरलीस तू!" मी म्हटलं. तुम्हीवरून तूवर कधी आले कळलंही नाही.

"शिडीवरून दिसली. कोरडी होती. पाणी घातलं."

"कधी?"

"तू पेन्सिली लावल्यास त्या दिवशी."

मी खुणा मोजू लागले. "म्हणजे हिचं वय काय?"

"तुझ्या हिशेबानं खालच्या सहा जणींएवढंच. माझ्या हिशेबानं बारा दिवसांनी लहान." आयुष्यात त्याला इतकं बोलताना मी ऐकलेलं नाही. "बी थांबलं होतं. त्याला कोणी सुरू हो म्हटलंच नव्हतं."

"सांगायचं नाहीस मला?"

"तू कपाटात ठेवलं असतंस."

मी कमरेची किल्ली मुठीत लपवली. मग माझी नजर त्या छोट्या दिव्यावर गेली आणि तशीच खिळली. डाव्या विंगेतला गरम दिवा. डावीकडे झुकणारी रोपं.

"खाली सकाळी तू..."

"सातला येत होतो. नोटिशीनंतर सहाला. म्हणजे तू येईपर्यंत दिवा गार होतो."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि त्याच वेळी उड्या माराव्याशा वाटत होत्या. मारल्याही. दोन. खाली तालीम चालली होती, छतातून धूळ पडली म्हणे.

घरी येताना सारखा विचार करत होते. किती, किती प्रेम आहे या माणसाचं झाडांवर!

२२ मार्च, रविवार, सकाळ

काल प्रयोग झाला. झोपले नाही, पण सकाळ आहे म्हणून सकाळ लिहिलं.

दुपारी तीनला कळी अर्धी उघडली. फ्यूजने आणि मी कुंडी जिन्यावरून खाली आणली, तो उलटा उतरत होता, मी कळीच्या मानेला हात लावून. "सावकाश." "हो." "पायरी." "दिसतेय." व्यवस्थापक मागे प्लॅस्टिकचं फूल पाठीशी लपवून उभे. पहिल्या अंकाचा दोन पानांचा कोंब आत गेला, प्रेक्षक हसले. दुसऱ्या अंकाचं रोप गेलं, कोणी खोकलंही नाही. मध्यंतरात फ्यूजने विंगेतला तो जुना दिवा लावला. नोटीस अजून फलकावर आहे.

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, आणि ते उमललेलं होतं. दोन पाकळ्या अजून चुरगळलेल्या, झोपेतून उठल्यासारख्या. मावशी खिडकीशी गेली. तिचं वाक्य होतं, "फुललं. आता मला जायला हवं." ती बोललीच नाही. नुसती बघत राहिली, आणि अख्खं प्रेक्षागृह तिच्याबरोबर बघत राहिलं. मग शेवटच्या रांगेतून एक बाई अगदी हळू म्हणाली, "खरंय ते." तिसऱ्या रांगेत दादा होता. रुमाल काढून चष्मा पुसत होता. दादाला चष्मा नाही, तो वहिनीचा होता.

मी विंगेतून बघत होते. फुलाचं तोंड प्रेक्षकांकडे, पण प्रेक्षकांच्या बरंच वरून. त्या नजरेच्या रेषेत मी पाहिलं. मागे, वर, दिव्यांच्या खोलीची काचेची खिडकी. तिथे त्याचं डोकं दिसत होतं. आणि किती वेळ झाला माहीत नाही, मीही तिकडेच बघत होते. माझ्या बाजूच्या फळीवर चार फेब्रुवारीच्या रोपांनी मान त्याच्या जुन्या दिव्याकडे केलेली.

मावशी टाळ्या घेऊन आत आली, घामाघूम. माझी हनुवटी धरली. "अगं बये, त्या फुलाला कळलं, फळीवरच्या पोरींना कळलं. तुला कधी कळायचं? चहावाला आपल्याकडे दोन वर्षं येत नाही."

माझ्या डोक्यात खटकन उजेड पडला. चहा!

दिग्दर्शकांनी जाता जाता चष्मा काढला. "पुढच्या नाटकात मांजर आहे," म्हणाले. "खरं हवं. सोमवारपासून शोध." म्हणजे मी कायम. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग कुशन मीच वापरतो," आणि मला सगळ्यांसमोर उचललं.

मग मी वर गेले. तो तारा गुंडाळत होता. मी दारातच उभी राहिले, चौकटीला टेकून, त्या सगळ्या लालनिळ्या खुणांशेजारी.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो वळला. कान लाल.

"पेरल्यापासून विचारतेस की उगवल्यापासून?"

"दोन्ही सांग."

"पेरणी पाच जानेवारी. गोंदाचा डबा. माझ्याकडे त्याच दिवशी उगवलं." तार त्याच्या हातातून निसटली, पुन्हा उचलली. "तुझ्याकडचं मला माहीत नाही. मी आपला रोज चहा घालत होतो."

"तो मी झाडांना घातला!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "वरून दिसतं."

मला हसू आवरेना. हसता हसताच म्हटलं, "लिहून घे. उगवण, आज. एकवीस मार्च."

त्याने लिहिलं नाही. पिवळ्या पट्टीचा तुकडा दाताने तोडला, मला चौकटीला सरळ उभं केलं आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर तो चिकटवला.

"अरे, माझं वाढायचं वय केव्हाच संपलं," मी म्हटलं.

"उद्या ये," तो म्हणाला. "मोजून बघू."